हिवाळ्यातच लहान असणारी पोरं

भागाबाई, आधी माफी मागतो. तुझ्यावर लिहायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. मी तुझ्या नात्याचा नाही. आपल्या दोन घरांच्या मधे एक बोळ तेवढी आहे, आणि त्या बोळीतून माझी माय आणि तू कित्येक वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. शिवाय तुला वाचता येत नव्हतं. जिवंत असतीस तर हा कागद माझ्यापुढे धरून म्हणाली असतीस, "वाच ना गा कॉलेजवाल्या, काय खरडलं तं." आता तेही नाही. तरी लिहितो, कारण तुझ्यावर दुसरे लोक लिहायला निघाले आहेत.

परवा गुरुजी भेटले. आपल्या गावच्या शाळेचे हेडमास्तर, ज्यांनी मला अक्षर शिकवलं आणि जे आता तालुक्याच्या बालविकास समितीचे चिटणीस आहेत. म्हणाले, समितीने बैठकीत तुला श्रद्धांजली वाहिली. सगळे सभासद उठून दोन मिनिटं शांत उभे राहिले. मला हसू आलं. ते मी दाबलं, कारण समोर गुरुजी होते. पण तुझ्याजवळ बोलायला हरकत नाही. तू जिवंत असताना त्या लोकांना तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, शांतता. ती त्यांनी शेवटी मिळवली, आणि मिळाल्यावर उभं राहून तिचा मान केला.

समितीच्या अहवालात तुझ्यावर "चार चांगले शब्द" घालायचे आहेत आणि ते मी लिहावेत, असं ठरलं आहे म्हणे. मी गावचा पहिला कॉलेजात गेलेला, म्हणून. पहिलं वाक्य गुरुजींनी तयारच ठेवलं होतं: "समितीच्या निष्ठावान सेविका कै. भागाबाई." तू, आणि सेविका! मी मान हलवून घरी आलो. गुरुजींना नाही म्हणणं मला अजून जमत नाही. पण लिहायला बसलो तर हे असं होत आहे, आणि हे त्यांच्या अहवालात जाईल असं वाटत नाही.

तुझ्या गोठ्याला ते आता बालवाडी म्हणू लागले आहेत. तो गोठाच होता. त्यात म्हशीचा वास होता, भिंतीला शेणाचे पोपडे होते, आणि वरच्या आढ्यावरून लुगड्यांच्या झोळ्या लोंबत असायच्या. तो का सुरू झाला हे अहवालात कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

आपल्याकडे धानाची रोवणी लागली की गावात बाई उरत नाही. सगळ्या दिवसभर बांधीत, गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावत असलेल्या. तान्हं लेकरू टोपलीत घालून बांधीच्या कडेला धुऱ्यावर ठेवायचं, वर पळसाच्या पानांचं छप्पर. आणि ते दिवसभर रडू नये म्हणून सकाळी त्याला अफूचा एक कण चाटवायचा. यात कोणाला काही वाईट वाटत नसे. सासू सुनेला शिकवायची, जसं भात शिजवायला शिकवावं तसं. लेकरू झोपायचं, बाईचे हात मोकळे राहायचे, गावाची जमीन ज्याची त्या मालगुजाराची रोवणी वेळेत व्हायची. संध्याकाळी लेकरं उठायची. बहुतेक उठायची.

माझी बहीण कौशी उठली नाही.

त्या दिवशी तू आमच्या अंगणात आलीस. बाया बसल्या होत्या, माय भिंतीला टेकून होती. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "पार्बते, पोरगी मेली नाई. तू मारली तिले." तुला धरून बाहेर नेलं. मायने मान वर केली नाही, आणि त्यानंतर तुझ्याकडे तिने कधी पाहिलं नाही.

भागाबाई, ते वाक्य मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कण मायने दिला. पण तो तिच्या हातात माझ्या आजीने ठेवला होता, आणि बांधी मालगुजाराची होती. घरी राहते म्हणणाऱ्या बाईला त्याचा दिवाणजी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे. हे सगळं तुला ठाऊक होतं. पण दिवाणजी समोर नव्हता, माय होती. जो समोर असेल त्याला तू बोलायचीस. तुझ्या धाडसाची आता सगळे तारीफ करतात. त्यातलं पुष्कळसं धाडस नव्हतं, तुझी जीभच तशी होती. आपल्यातलं हे भांडण मी कधी काढलंच नाही. एवढी हिंमत नव्हती.

पण पुढच्या पावसाळ्यात तू म्हैस बाहेर अंगणात बांधलीस, गोठा सारवलास आणि बोळीच्या तोंडाशी उभी राहून ओरडलीस, "ज्याले लेकरू झोपवाचं हाय त्यानं झोपवावं. ज्याले जागं पायजे त्यानं माह्याकडे आनावं!"

पहिल्या दिवशी सखू आली, मग हळूहळू बाकीच्या. सकाळी दारात तू प्रत्येक लेकराच्या तोंडात बोट घालून पाहायचीस. बोटाला अफूचा वास लागला की त्या बाईची खैर नसे. तिच्या सासूचा, सासूच्या सासूचा उद्धार व्हायचा. आणि गोठ्यात तू कोणाला गप्प करत नव्हतीस. झोळी हलवायचीस, पेज पाजायचीस, पण रडणाऱ्याला रडू द्यायचीस. कोणी काही म्हटलं तर म्हणायचीस, "रडते म्हंजे जिवंत हाय. रडू दे त्याले." तो कालवा सगळ्या बांध्यांवर ऐकू जायचा. चिखलात वाकलेल्या बाया त्यात आपापलं लेकरू ओळखायच्या आणि पुढचं रोप लावायच्या. गोठा गप्प झाला की उलट त्यांचे हात थांबायचे.

माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मायने त्याला अफू दिली नाही आणि तुझ्याकडेही पाठवलं नाही. पाठीशी बांधून चिखलात उतरली. तू बोळीतून पाहत होतीस. पहिल्यांदाच काही बोलली नाहीस.

आता समितीचं. तुला तिथे मी नेलं, ते कबूल. नागपूरला वर्तमानपत्रात वाचलं की जनपद सभा तालुक्यासाठी बालविकास समिती नेमणार आहे, आणि मला वाटलं आता झालंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षात माणसाला असंच वाटतं. सुट्टीत येऊन तुला सांगितलं तर तू तांदूळ पाखडत होतीस.

"समिती म्हंजे काय गा?"

"चार जाणते लोक बसून लेकरांसाठी काय करायचं ते ठरवतेत."

"बसूनच?" म्हणालीस. पण आलीस. गावच्या नामदेवच्या बैलबंडीत नवं लुगडं नेसून, पदराला शेंगदाणे बांधून बसलीस.

ती बैठक मी विसरणार नाही. भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी, टेबलावर हिरवं कापड. अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांच्या शेजारी आपले मालगुजार. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण मालगुजार कुठे गेले नव्हते. ते समितीत आले होते. लहान लेकरांचा विकास करायला जमलेल्या त्या माणसांपैकी एकानेही आयुष्यात लेकराचं नाक पुसलं नसेल. बाई एकही नव्हती. तू दाराशी जमिनीवर बसलीस, कारण मालगुजारासमोर आपल्याकडची बाई जमिनीवरच बसते. मी रिकाम्या खुर्चीकडे खूण केली. तू डोळ्यांनीच विचारलंस, बसू? आणि बसलीस. मालगुजारांनी तुझ्याकडे असं पाहिलं की जणू म्हैस घरात आली.

पहिला बराच वेळ बालवाडीच्या दारावर कमान कशी असावी यात गेला. मग वेळापत्रक. अकरा ते चार. उन्हाळा बंद, कारण शाळांनाही सुट्टी असते. पावसाळा बंद, कारण रस्ते नसतात आणि बाहेरगावच्या शिक्षिकेला येता येणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या माना इतक्या सावकाश हलत होत्या की मला तेव्हा त्यात गांभीर्य दिसलं. आज दिसतो तो फक्त जेवणानंतरचा सुस्तपणा.

तू म्हणालीस, "साहेब, एक इचारू का जी?"

"विचारा बाई, विचारा," वकीलसाहेब म्हणाले.

"चैतात बाया मोहं वेचाले झुंजूमुंजूच जंगलात जातेत. तवा तुमचं बंद. रोवणीले बाया दिवसभर चिखलात. तवाबी बंद. म्हंजे पोट्टे फक्त हिवाळ्यातच लहान रायतेत का जी?"

वकीलसाहेब पोट धरून हसले. "वा! बाई मोठ्या विनोदी आहेत!" मालगुजार हसले, सगळे हसले. तुझा प्रश्न त्यांना इतका आवडला की उत्तर द्यायचं राहून गेलं. वेळापत्रक तसंच मंजूर झालं.

गुरुजींनी अफूचा विषय काढला. तेवढं त्यांचं मानलं पाहिजे. त्यावर ठराव झाला की गावोगाव भिंतींवर सुवाच्य अक्षरात फलक लावावेत.

"वाचाले कोन हाय?" तू विचारलंस.

"हळूहळू वाचायला लागतील, बाई."

"तोवर लेकराले फलक चाटवू का?"

या वेळी कोणी हसलं नाही. आणि मग तू ती मागणी केलीस. मीही त्यासाठी तयार नव्हतो. खुर्चीत सरळ होऊन म्हणालीस, "मंग मलेच मेंबर करा. तुमच्यात लेकरू पोसलेला कोन हाय?"

मालगुजार म्हणाले, "काऊन? आमच्या घरी काय लेकरं नाईत?"

"हायत ना जी. माह्या बहिनीनंच पोसले ते."

खोलीत पंखा ओढणारा माणूस होता, त्याचा हात थांबला. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले की बाईंचा अनुभव वाया जाऊ नये. त्यांना आया म्हणून घेता येईल. झाडलोट, पाणी भरणं, अशी कामं.

तू उठलीस. "झाडू माह्या घरी हाय," म्हणालीस, आणि आपण बाहेर आलो.

परतताना मी रागाने एकसारखा बडबडत होतो. तू पाठ खाजवत होतीस. "त्या खुर्चीत ढेकनं हायत गा," म्हणालीस. "ते लोक कवापासून चुळबूळ करून राह्यले. मले वाटे, इचार करून राह्यले." नामदेव इतका हसला की बैल रस्ता सोडून उतरले. मीही हसलो. पुढे नागपूरला मोठमोठ्या लोकांच्या सभांना गेलो, आणि व्यासपीठावर कोणी खुर्चीत चुळबुळला की तू आठवतेस आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटेनासा होतो. माझ्या शिक्षणाचं तू हे एक नुकसान केलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

पण त्याच बंडीत आपलं ते भांडण झालं, जे अर्धं राहिलं. मी म्हणालो, हे लोक नालायक आहेत तरी समिती पाहिजेच. इथे तू आहेस. बाकीच्या गावांत कोण आहे? तू म्हणालीस, ज्याला लेकरू दिसतं त्याला समिती लागत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला ती देऊन उपयोग नाही. मी म्हणालो, हे बोलायला ठीक आहे, पण एका बाईच्या जिवावर गावाने किती दिवस राहायचं? आणि मग विचारलं, "तू मेल्यावर पोट्टे कोन पाहीन?"

तू शेंगदाणे सोलत होतीस. हात थांबला. माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणालीस, "नामदेवा, हाक बावा. हे पोट्टं डोकं खाऊन राह्यलं."

तुझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं, आणि माझा मुद्दा बिनतोड आहे याचा मला थोडा आनंदही झाला.

पुढे समिती पाहणीला आली. ऐन मोहाच्या दिवसांत, सकाळी. "मातांना एकत्र जमवून ठेवावे" असा निरोप आदल्या दिवशी आला होता. माता जंगलात होत्या. कोणत्या महिन्यात बाई कुठे असते, एवढं ज्यांना माहीत नाही ते बायांच्या लेकरांचा विकास करणार! मालगुजारांच्या स्वतःच्या घरी त्याच मोहफुलांची पोती येत होती, पण ती फुलं झाडावरून चालत येतात असा त्यांचा समज असावा. सगळे सभासद गोठ्याच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि शेरा दिला: जागा अयोग्य, दुर्गंधी, फार गोंगाट.

गोंगाट! त्यांनी अगदी बरोबर ओळखलं, आणि काही म्हणजे काही कळलं नाही.

मग समितीची बालवाडी मालगुजारांच्या जुन्या बग्गीखान्यात उघडली, बांध्यांपासून दूर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. उद्घाटनाला पोरं कमी पडली म्हणून तुझीच मागवली. स्वच्छ आंघोळ घालून पाठवा, असा निरोप होता. तू पाठवलीस, पण होती तशी, शेंबूड आणि धुळीसकट. "अशीच असतेत," म्हणालीस. त्यांना मागच्या रांगेत बसवलं. कमान छान झाली होती. तिथे अजूनही दिवाणजीची, पटवाऱ्याची पोरं ओठांवर बोट ठेवून बसतात. खेळणी कपाटात असतात, तुटू नयेत म्हणून. हिवाळाभर चालतं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. सांगितली असती तर तू मायला टोमणा मारला असतास, किंवा माय मला बोलली असती, म्हणून दोघींच्या मधे मी गप्प राहिलो. मागच्या वर्षी रोवणीला मीही बांधीत होतो. तुझ्या गोठ्यातून रडणं ऐकू आलं की माय वाकलेली सरळ व्हायची. हातात रोपाची पेंढी, पाय चिखलात, आणि कान तुझ्या गोठ्याकडे. ऐकायची आणि हळूच म्हणायची, "हे सखूचं... हे त्या दक्षिणपाड्याच्या सुनेचं, भूक लागली त्याले." तिचं एकही लेकरू त्या गोठ्यात कधी नव्हतं. तरी तिला प्रत्येकाचा आवाज ठाऊक होता. मग पुन्हा वाकायची. माझ्याकडे पाहायची नाही.

हे तुला मी सांगायला हवं होतं. तू काय म्हणाली असतीस, ते मला कळत नाही. बहुतेक काहीतरी घाणच म्हणाली असतीस, आणि मग पदराने तोंड पुसलं असतंस.

तू गेल्याची बातमी मला फार उशिरा कळली. आमच्या घरात पत्र लिहिणारा मी एकटा, आणि मी नागपूरला. मला कोण लिहिणार? पोळ्याच्या आदल्या दिवशी छोट्या गाडीने नागभीडला उतरलो. नामदेव बंडी घेऊन आला होता. मी ट्रंक मागे ठेवली आणि सवयीप्रमाणे विचारलं, "भागाबाई काय म्हणते गा? कोनाले शिव्या देऊन राह्यली?"

नामदेवने कासरा हातात घेतला तसाच धरून ठेवला. "तुले कोनी सांगतलं नाई?" म्हणाला. "गेली ना बावा. रोवणी चालू होती. ताप आला, अन् तशीच बसून राह्यली गोठ्यात. झोपली असती तं वाचली असती."

बंडी निघाली. धान हिरवंगार उभं होतं आणि बाया निंदणाला वाकल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून तो प्रश्न पुन्हा तोंडात आला, जो त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात तुला विचारला होता. या वेळी विचारताना माझा मुद्दा बिनतोड असल्याचा आनंद झाला नाही.

"मंग पोट्टे, नामदेवभाऊ?"

नामदेवने बैल हाकले. नाला ओलांडला, चढण चढलो, गावाची कौलं दिसायला लागली, तिथे त्याने बैल थांबवले. "आयक," म्हणाला.

ऐकू आलं. बांध्यांवरून, धानाच्या वरून, तोच कालवा. एक जोरात, एक किरकिर, एकाला पाहून दुसरं.

"गोठ्यात कोन हाय?" मी विचारलं.

"तुही माय," नामदेव म्हणाला. "भागाबाईचं तेरावंबी झालं नव्हतं, तवाच जाऊन बसली. कोनाले इचारलं नाई, कोनाशी बोलली नाई. सकाळी दारात उभी रायते, लेकराच्या तोंडात बोट घालून पायते. अन् अफूचा वास आला तं काय सांगू तुले, भागाबाई बरी होती म्हनाची पाळी येते. अशा शिव्या देते."